गोल चौकाकडे येताना मार्गिका कोणती धरावी?

जुन्नर शहराच्या पश्चिमेस चार-पाच किलोमीटरवर असलेली तुळजा लेणी आपल्या शाळेच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी सहलीत पाहिलेली आहेत. कार्ले, भाजे किंवा आपल्या लेण्याद्रीचे चैत्यगृह लांबट असते आणि मागील टोकास अर्धवर्तुळाकार होते. तुळजेचे चैत्यगृह मात्र संपूर्ण वर्तुळाकार आहे. मधोमध स्तूप, त्याभोवती बारा अष्टकोनी स्तंभांचे कडे, वर घुमट, आणि स्तंभ व भिंत यांच्यामधून फिरणारा अरुंद प्रदक्षिणापथ. या अरुंद वाटेत मुलांची मोठी रांग सोडली तरी कोणी कोणावर आदळत नाही. कारण साधे आहे. सर्व जण स्तूप आपल्या उजव्या हाताला ठेवून एकाच दिशेने चालतात. पालीतील ‘पदक्खिणा’ हा शब्दच उजव्या बाजूचा निर्देश करतो. एखादा खोडकर मुलगा उलट्या दिशेने निघाला, की दोन स्तंभांच्या मध्येच रांग अडते आणि गुरुजींना आवाज चढवावा लागतो.

भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे गोल चौकातील मधले बेटही आपल्या उजव्या हातालाच राहते, आणि वाहतूक स्तूपाच्या प्रदक्षिणेच्या दिशेनेच, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. अमेरिकेत किंवा जर्मनीत वाहने उजवीकडून चालत असल्याने तेथील चक्र उलटे असते. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना ही सवय मोडताना सुरुवातीस बराच त्रास होतो. गोल चौकाचा पहिला नियम आपल्या मुलांना तुळजेतच पाठ झालेला आहे, एवढेच मला सांगावयाचे होते. दुसरा नियम, म्हणजे आत शिरण्यापूर्वी कोणती मार्गिका धरावी हा, लेण्यात शिकता येत नाही. त्यासाठी हा लेख.

गोल चौक ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीची. पॅरिसमध्ये युजीन एनार याने विजयकमानीभोवती सर्व वाहने एकाच दिशेने फिरविण्याची व्यवस्था सुचविली. इंग्लंडमध्ये लेचवर्थ या उद्याननगरात थोड्याच वर्षांत असा चौक झाला. परंतु प्रारंभीची कित्येक दशके हे चौक वारंवार तुंबत. बाहेरून येणारा बिनदिक्कत आत घुसे, आतला अडकून पडे, आणि आतला बाहेर पडू शकला नाही की मागून येणाऱ्यालाही जागा उरत नसे. चक्र स्वतःच्याच शेपटीत गुंतून थांबे. नोव्हेंबर 1966 मध्ये ब्रिटनने नियम केला की चौकात आधीपासून फिरणाऱ्या वाहनास प्रथम जाऊ द्यावे आणि आत येणाऱ्याने थांबावे. या एका नियमाने गोल चौक खऱ्या अर्थाने चालू झाला. आपल्या देशातील 2017 च्या वाहनचालन विनियमांतही चौकात असलेल्या वाहनाचा अग्रहक्क मान्य केला आहे. त्यापूर्वीच्या 1989 च्या नियमांत, मुख्य रस्ता ठरविलेला नसेल तेथे उजवीकडून येणाऱ्यास वाट द्यावी असे होते. आपल्याकडे चौकात फिरणारे वाहन उजवीकडूनच येत असल्याने दोन्ही नियमांचा व्यवहारातील अर्थ जवळजवळ एकच होतो: उजवीकडे पाहा, तेथून कोणी येत असेल तर थांबा.

साध्या चौफुल्यावर वाहनांचे मार्ग परस्परांना 32 ठिकाणी भिडू शकतात, असे वाहतूक अभियंते मोजतात. एका मार्गिकेच्या गोल चौकात ही ठिकाणे आठच राहतात. शिवाय समोरासमोरची धडक आणि काटकोनातली धडक, ज्यांत माणसे दगावतात, त्या जवळजवळ नाहीशा होतात. उरते ते एका दिशेने चाललेल्या वाहनांचे बाजूने घासणे. हे घासणे बहुतांशी चुकीच्या मार्गिकेमुळे घडते, म्हणून मार्गिकेचा प्रश्न महत्त्वाचा.

उदाहरण आपल्याच भागातले घेऊ. आळेफाट्यावर पुणे–नाशिक आणि कल्याण–अहिल्यानगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. तेथे दोन मार्गिकांचा प्रशस्त गोल चौक आहे अशी केवळ धड्यापुरती कल्पना करा. आपण नारायणगावकडून, म्हणजे दक्षिणेकडून येत आहोत. चौकात शिरल्यावर घड्याळाच्या दिशेने पहिली वाट कल्याणची, दुसरी नाशिकची, तिसरी अहिल्यानगरची आणि चौथी पुन्हा पुण्याची.

कल्याणला जावयाचे असेल तर चौकापूर्वीच डावी मार्गिका धरावी, डावा इंडिकेटर लावावा, आणि कडेकडेने वळून निघून जावे. येथे कोणाचा फारसा गोंधळ होत नाही. नाशिकला, म्हणजे सरळ जावयाचे असेल तरी रस्त्यावरील बाणांनी वेगळे सांगितले नसल्यास डावी मार्गिकाच योग्य. मात्र आत शिरताना इंडिकेटर लावू नये. कल्याणची वाट मागे पडली की मग डावा इंडिकेटर द्यावा. तो आधीच दिला तर कल्याणच्या तोंडाशी थांबलेला टेंपोवाला आपण कल्याणलाच वळणार असे समजून पुढे सरकेल, आणि दोष त्याचा असणार नाही.

अहिल्यानगरला जाणाऱ्यासाठी गोष्ट बदलते. त्याने चौकाच्या पुरेसे अलीकडे आरशात पाहून उजवी मार्गिका घ्यावी, उजवा इंडिकेटर लावावा आणि आत शिरल्यावर बेटाच्या जवळून फिरावे. कल्याणची वाट जाऊ द्यावी, नाशिकचीही जाऊ द्यावी. नाशिकचे तोंड ओलांडताच उजवा इंडिकेटर बंद करून डावा लावावा, डाव्या आरशात आणि डाव्या खांद्यावरून एकदा मागे पाहावे, आणि मगच बाहेरील मार्गिका ओलांडून अहिल्यानगरच्या वाटेस लागावे. मागे पुण्याकडे परतणाऱ्यानेही हेच करावे. फक्त अहिल्यानगरचे तोंड ओलांडल्यानंतर डावा इंडिकेटर द्यावा. उजवीकडे जावयाचे असल्यास आत, अन्यथा बाहेर, हे ध्यानात ठेवले तर बाण पुसलेले असले तरी निभावते. मार्गिका बदलण्याचे काम चौकाच्या अलीकडे संपलेले असावे. तोंडाशी दोन मार्गिकांमध्ये अखंड पांढरी रेषा आखलेली असते, ती ओलांडावयाची नसते.

मंचर किंवा घोडेगावकडचे पालक येथे विचारतील की आमच्याकडे पांढऱ्या रेषा कोठे आहेत? प्रश्न रास्त आहे. तालुक्याच्या गावांत मधोमध पुतळा, झेंड्याचा चौथरा किंवा कारंजे असते आणि भोवती मोकळे डांबर. बेट लहान असेल तर एका वेळी एकच वाहन शेजारून जाऊ शकते. तेथे मार्गिकेचा प्रश्नच उरत नाही, रांगेत एकामागून एक जावे. जागा दोन वाहनांची असेल तर मनाने एक रेषा आखावी आणि वरचाच नियम पाळावा. मात्र चौथऱ्याला वळसा नको म्हणून उजव्या अंगाने काटून जाणे, हे मी रोज पाहतो आणि ते मला सर्वांत धोक्याचे वाटते. वाचतात जेमतेम दहा सेकंद. समोरून नियमाने येणारा मनुष्य त्या बाजूला पाहतच नसतो, कारण तिकडून कोणी येणे अपेक्षितच नाही.

दुचाकीस्वारांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. 2022 साली भारतातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरील माणसांचा होता. आपल्या घरांतील बहुतेकांकडे दुचाकीच असते. दुचाकीस्वार भीतीपोटी सर्वत्र डाव्या कडेला चिकटून राहतो. सरळ रस्त्यावर ते ठीक, पण उजवीकडे जाण्यासाठी चौकाच्या बाहेरील कडेने फिरत राहिले तर प्रत्येक वाटेच्या तोंडाशी तो बाहेर पडणाऱ्या मोटारींच्या आडवा येतो. आत्मविश्वास असेल तर त्याने मोटारीप्रमाणेच आतील मार्गिकेच्या मध्यभागातून जावे, कडेने नव्हे. सायकलवरील मुलांनी मात्र उतरून, सायकल हाती धरून, पादचाऱ्याप्रमाणे एकेक रस्ता ओलांडावा. त्यात कमीपणा नाही.

उसाच्या हंगामात विघ्नहर आणि भीमाशंकर या कारखान्यांकडे जाणारे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चौकात आले की पाठ्यपुस्तकातील मार्गिका बाजूला ठेवाव्या लागतात. लांब वाहनाची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, ती आतल्या बाजूस कापत येतात. म्हणून ट्रॅक्टर व बेट यांच्यामधील रिकामी दिसणारी फट ही वाट नव्हे. तो पुढे जाईपर्यंत मागे राहावे.

आणि वाट चुकली तर? आतील मार्गिकेत असताना आपले वळण हातचे गेले, तर कचकन ब्रेक लावू नये, आडवे घुसू नये. आणखी एक फेरी मारावी. गोल चौकाची ही सोय दुसऱ्या कोणत्याही चौकात नाही. मी स्वतः पुण्यात एकदा वडिलांना मागे बसवून सलग तीन फेऱ्या मारल्या आहेत. तिसऱ्या फेरीस ते म्हणाले, “बाळ, आपल्याला इथंच राहायचंय का?”

नियम अवघड नाही. अवघड जाते ते थांबणे. आपल्या रस्त्यांवर कोणी कोणास वाट द्यावी हे वाहनाच्या किमतीवरून आणि आकारावरून ठरते: सायकलने मोटारसायकलला, मोटारसायकलने मोटारीला, मोटारीने डंपरला. ही उतरंड आपल्या समाजाला ओळखीची वाटावी. गोल चौकाचा नियम ती मानत नाही. चौकात सायकल असेल तर आत येणाऱ्या डंपरने थांबावयाचे. आत कोण आहे एवढेच पाहावयाचे, तो कोणाचा कोण हे नाही.

वाहन चालविण्याचे शिक्षण आपल्यासाठी केवळ सोयीचा विषय नाही, हे सांगण्यास बाबासाहेबांच्या जीवनातील एक प्रसंग पुरेसा आहे. 1929 साली ते सरकारी समितीचे सदस्य म्हणून खानदेशात गेले असता चाळीसगाव स्थानकावर उतरले. अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकण्यास एकही टांगेवाला तयार होईना. त्यांना पायी न्यावे हे तेथील महारवाड्यातील लोकांना पटेना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही, आणि वस्तीतील एका माणसाने लगाम हाती घेतला. त्याने त्यापूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. वाटेत एका मोटारीशी टक्कर होता होता टळली आणि पुढे नाल्यावरील पुलावर चाक फरशीच्या फटीत अडकले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. टांगा हाकणाऱ्या त्या माणसाच्या मनात आदराखेरीज काही नव्हते. त्याला लगाम धरण्यास कोणी कधी शिकविलेच नव्हते.

आज आपल्या मुलांना कोणी टांगा नाकारत नाही. उलट पालकच पंधराव्या वर्षी गाडीची किल्ली हाती देतात. गियरची दुचाकी चालविण्यास 18 वर्षे पूर्ण असावी लागतात. 2019 च्या कायदादुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनमालकास 25,000 रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. किल्ली देण्यास तीन वर्षे थांबावे, शिकविण्यास मात्र थांबू नये.

त्यासाठी शाळेचे मैदान पुरेसे आहे. फक्कीने आठ पावले त्रिज्येचे वर्तुळ आखावे, आत तीन पावलांचे बेट, मध्ये तुटक रेषा. चार वाटांवर कल्याण, नाशिक, अहिल्यानगर, पुणे अशा पाट्या ठेवाव्यात. नववीच्या मुलांना सायकली देऊन प्रत्येकाच्या हाती एक चिठ्ठी द्यावी, जिच्यावर जावयाचे गाव लिहिलेले असेल; इंडिकेटरऐवजी हात दाखवावा. दोन मुले वाटेच्या तोंडाशी उभी करून त्यांना केवळ एवढेच टिपण्यास सांगावे की कोण थांबला आणि कोण थांबला नाही. पहिल्या दिवशी चिठ्ठीवर अहिल्यानगर असलेली बहुतेक मुले डाव्या कडेनेच निघतील. त्यांना तशीच फिरू द्यावीत, आणि मग नाशिकच्या वाटेला बाहेर पडणारी सायकल मुद्दाम त्यांच्या बाजूने सोडावी.