प्राण्यांचे आश्रयगृह आणि स्वयंसेवकाचे कार्य

आजारी, जखमी अथवा टाकून दिलेल्या प्राण्यांना आसरा देण्याची प्रथा भारतात प्राचीन आहे. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यांच्या चिकित्सेबरोबर पशूंच्या चिकित्सेची सोय केल्याचा व त्यासाठी औषधी वनस्पती लावल्याचा उल्लेख आहे. इ. स. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने गुजरातेतील खंबायत येथे पक्ष्यांचे रुग्णालय पाहिले आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमामुळे १८३२ साली दंगल उसळली; त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई प्रभृती व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ संस्थेची स्थापना झाली. मद्रास येथे १९५९ मध्ये 'ब्लू क्रॉस' ही संस्था निघाली, आणि १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा देशात झाला.

या सर्व प्रयत्नांच्या मुळाशी भूतदया आहे, हे उघड आहे. तथापि केवळ दयेने प्राणी बरे होत नाहीत. पुष्कळ प्राणी एका जागी आणले आणि त्यांची व्यवस्था शास्त्रीय रीतीने ठेवली नाही, तर जे घर त्यांच्या रक्षणासाठी बांधले तेच रोगाचे आगर बनते. म्हणून आश्रयगृहात काम करू इच्छिणाऱ्या स्वयंसेवकाने आपल्या प्रत्येक कृतीमागील कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन रोग, दोन उपाय

कुत्र्याच्या पिलांना होणाऱ्या रोगांपैकी पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन विषाणुजन्य रोग विशेष घातक आहेत. पार्व्होमध्ये पिलाला वारंवार उलट्या व रक्तमिश्रित जुलाब होतात, आणि शरीरातील पाणी कमी होऊन ते दगावते. या रोगाचा विषाणू फार चिवट असतो. तो विष्ठेवाटे बाहेर पडतो आणि जमीन, भांडी, पादत्राणे यांवर कित्येक महिने टिकून राहतो. डिस्टेंपरचा विषाणू याच्या उलट नाजूक असतो. उन्हात व कोरड्या हवेत तो लवकर नष्ट होतो. पण रोगी कुत्र्याच्या श्वासातून व नाकातील स्रावातून तो शेजारच्या प्राण्याकडे सहज जातो. शिवाय लागण झाल्यावर लक्षणे दिसू लागण्यास एक ते दोन आठवडे, क्वचित त्याहूनही अधिक काळ लागतो.

यावरून दोन नियम निघतात. पहिल्या रोगाला आळा घालावयाचा तर जागा नीट घासून धुतली पाहिजे. दुसऱ्याला आळा घालावयाचा तर प्राणी एकमेकांपासून दूर ठेवले पाहिजेत. नव्याने आलेल्या कुत्र्याला निदान चौदा दिवस वेगळ्या खोलीत ठेवण्याचा प्रघात यातूनच पडला आहे. वरवर निरोगी दिसणाऱ्या पिलाला 'एकटे राहील' म्हणून कळवळ्याने इतर पिलांत सोडणारा स्वयंसेवक त्या सर्वांचा जीव धोक्यात घालतो.

स्वच्छतेचा क्रम

पिंजरे धुणे हे काम हलके मानले जाते. वस्तुतः आश्रयगृहातील सर्वांत महत्त्वाच्या कामांपैकी ते एक आहे. त्याला ठराविक क्रम असतो. प्रथम निरोगी पिले, मग निरोगी मोठे प्राणी, त्यानंतर नव्याने आलेले आणि सर्वांत शेवटी रोगी प्राणी यांच्या जागा स्वच्छ कराव्यात. हा क्रम उलटला तर रोग्याकडील विषाणू स्वयंसेवकाच्याच हातापायांवरून निरोगी पिलांपर्यंत पोहोचतो.

धुण्याचेही टप्पे आहेत. आधी विष्ठा व उरलेले अन्न काढून टाकावे, साबणाच्या पाण्याने फरशी घासावी, आणि त्यानंतरच जंतुनाशक वापरावे. कारण घाण तशीच असेल तर जंतुनाशकाची शक्ती तिच्यावरच खर्च होते. पार्व्होचा विषाणू साध्या साबणाने मरत नाही. सुमारे पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेल्या द्रावणाचा एक भाग तीस भाग पाण्यात मिसळून ते मिश्रण फरशीवर दहा मिनिटे राहू द्यावे आणि मग जागा धुऊन कोरडी करावी. हे द्रावण आम्लयुक्त पदार्थात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

घरोघरी वापरले जाणारे फिनेल मांजरांच्या खोलीत वर्ज्य समजावे. फिनॉलवर्गीय द्रव्ये निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकण्याची यकृताची शक्ती मांजरात फार कमी असते. मांजर आपले पंजे व अंग चाटते, आणि फरशीवरील द्रव्य त्या वाटेने तिच्या पोटात जाते.

निरीक्षण आणि नोंद

पशुवैद्य प्रत्येक प्राण्याजवळ दिवसभर बसू शकत नाही. ती उणीव स्वयंसेवकाचे डोळे भरून काढतात. प्राण्याने किती खाल्ले, पाणी प्यायला की नाही, मलमूत्र कसे आहे, चालताना कोणता पाय उचलतो, काल उठून जवळ येणारा आज कोपऱ्यात का पडून आहे, या गोष्टी तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवाव्यात. निरोगी कुत्र्याचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. माणसाच्या मापाने जो ताप वाटेल ते कुत्र्याचे स्वाभाविक तापमान असते, हे ध्यानात ठेवावे.

पुष्कळ दिवस उपाशी असलेल्या प्राण्यास एकदम पोटभर खाऊ घालणे हाही घातक दयाळूपणा आहे. त्यामुळे रक्तातील क्षारांचा समतोल बिघडून प्राणी दगावू शकतो. अशा प्राण्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने थोडेथोडे अन्न अनेक वेळा द्यावे.

पिलांच्या बाबतीत आणखी एक कर्तव्य असते. तीन ते सुमारे बारा आठवडे या वयात कुत्र्याचे पिलू माणसांशी व इतर प्राण्यांशी कसे वागावे हे शिकते. या काळात ज्याला प्रेमळ मानवी स्पर्श लाभला नाही, ते पुढे भित्रे अथवा चावरे होण्याचा संभव असतो, आणि त्याला घर मिळणे कठीण होते. म्हणून विलगीकरणातील पिलालाही स्वच्छ हातांनी व वेगळा अंगरखा घालून रोज थोडा वेळ जवळ घ्यावे.

स्वतःची सुरक्षितता

आलर्क, म्हणजेच रेबीज, या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी सहसा वाचत नाही. मनुष्याला हा रोग बहुतांशी कुत्र्याच्या चाव्यातून होतो. तथापि वेळीच उपाय केल्यास तो पूर्णपणे टाळता येतो. प्राण्यांना हाताळणाऱ्या स्वयंसेवकाने काम सुरू करण्यापूर्वीच प्रतिबंधक लस टोचून घ्यावी. चावा वा ओरखडा लागल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. पूर्वी लस घेतलेली असली तरी हा नियम सुटत नाही. जखमेवर हळद, तिखट अथवा चुना लावू नये.

कुत्र्याची देहबोलीही शिकून घ्यावी. शेपूट हलणे म्हणजे नेहमीच मैत्री नव्हे. ताठ शरीर, रोखलेली नजर आणि उंच धरलेल्या शेपटीची जलद हालचाल हा इशारा असू शकतो. शाळकरी मुलांनी पालकांच्या संमतीने व मोठ्यांच्या देखरेखीखालीच काम करावे. नोंदवही, अन्नाची तयारी, जुन्या चादरी गोळा करणे अशी कामे त्यांना शोभतात.

भिंतीपलीकडचे कार्य

कुत्री साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते आणि सुमारे ६३ दिवसांत विते. ही वाढ आश्रयगृहे बांधून थोपविता येणार नाही. जयपूर येथे 'हेल्प इन सफरिंग' या संस्थेने १९९४ ते २००२ या काळात सुमारे पंचवीस हजार कुत्र्यांवर संततिप्रतिबंधक शस्त्रक्रिया व लसीकरण केले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या क्षेत्रातील कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि तेथील मनुष्यांत रेबीजचे रोगी आढळेनासे झाले. कुत्र्यांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांना लस दिली तर रोगाची साखळी तुटते, असे शास्त्रज्ञ मानतात. गोव्यात २०१४ पासून चाललेल्या लसीकरणाच्या मोहिमेत स्वयंसेवकांनीही भाग घेतला. २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले.

शस्त्रक्रिया व लसीकरणानंतर कुत्र्याला मूळ जागी सोडावे, असे २०२३ च्या नियमांत सांगितले आहे. शाळा, रुग्णालये, बसस्थानके इत्यादी ठिकाणची कुत्री मात्र परत तेथे न सोडता आश्रयगृहात ठेवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. आश्रयगृहांत अधिक प्राणी येणार असतील, तर गर्दीतून पसरणाऱ्या रोगांची भीती त्या प्रमाणात वाढते, आणि शिकलेल्या हातांची गरजही तितकीच वाढते.

आठवड्यातून दोनच तास, परंतु ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी आणि ठरल्या पद्धतीने येणारा स्वयंसेवक उत्साहाच्या भरात एक दिवस येऊन जाणाऱ्या दहा जणांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. दया माणसाला आश्रयगृहाच्या दारापर्यंत आणते. आत गेल्यावर प्राण्याचा जीव वाचतो तो नियमितपणाने आणि ज्ञानाने.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पार्व्हो व डिस्टेंपर या रोगांना आळा घालण्याचे मुख्य उपाय भिन्न का आहेत?
२. पिंजरे धुताना रोगी प्राण्यांची जागा शेवटी का घ्यावी?
३. मांजरांच्या खोलीत फिनेल का वापरू नये?
४. आपल्या गावातील अथवा शहरातील आश्रयगृहास शिक्षकांसह भेट द्या, आणि तेथे नव्याने आलेल्या प्राण्यास कोठे व किती दिवस ठेवतात याची माहिती लिहून आणा.