शरण्य आणि पाडस

म्हाइंभटसंकलित 'लीळाचरित्रा'तील ससारक्षणाची लीळा सर्वश्रुत आहे. पारध्यांच्या भयाने धावणारा ससा सर्वज्ञांच्या जानूखाली शिरला. स्वामींनी त्यास अभय दिले.

ससा धावू तरी शकला. नांदेड-लातूरच्या माळावरील काळविटाचे नवजात पाडस गवतात निश्चळ पडून राहते. माता दूर चरते. निश्चळता हेच त्याचे रक्षण. म्हणूनच ते शिकाऱ्याच्या हाती अनायासे लागते. अशास मांसासाठी मारणे हा शरणागताचाच घात होय.

कळप पीक खातो, हे शेतकऱ्याचे दुःख खरे. त्यासाठी वनखात्याकडे भरपाई मागावी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार दंडनीय आहे. परंतु दंडभयाने हात आवरणे निराळे, दयेने आवरणे निराळे.

पोरके समजून पाडस उचलणेही अहितच. त्याने मातेचा वियोग घडतो. तात्पर्य, मारू नये, उचलू नये. कुत्री आवरून दूर व्हावे. हेच अभयदान.