कॉलेजचं स्वतंत्र वर्तमानपत्र: चेन्नईत पहिला अंक काढण्याची कृती

चेन्नईत शिकताय, कॅम्पसवर रोज काहीतरी घडतंय आणि ते छापून कुणीच सांगत नाही? मग चला, आपणच वर्तमानपत्र काढू. चार पानं, महिन्यातून एकदा, एका रंगात, 300 प्रती, मजकूर इंग्रजी आणि तमिळमध्ये. सुरुवातीला एवढं पुरे. हाताशी पाच माणसं, एक लॅपटॉप, हिशेबाची एक वही आणि नोंदणीचा वेळ सोडून पाच आठवडे ठेवा. क्रम मात्र बदलू नका. पहिल्या सात पायऱ्यांत बातमीचा एक शब्दही लिहायचा नाहीये, पण अंक टिकतो तो त्यांच्याच जोरावर.

1. पाच जण गोळा करा. एक संपादक, दोन वार्ताहर, एक पानं लावणारा आणि एक हिशेब बघणारा. यांतला एक तरी सफाईने तमिळ बोलणारा-लिहिणारा हवाच. मेसमधले अण्णा, होस्टेल झाडणाऱ्या अक्का, गेटवरचे वॉचमन यांना सगळं आधी कळतं आणि ते इंग्रजीत विचारलंत तर हाती काही लागत नाही. सांभाळा: विद्यार्थी निवडणुकीला उभं राहणाऱ्याला संपादक करू नका, मग तो कितीही चांगलं लिहीत असो.

2. शहरातले नमुने वाचा. आयआयटी मद्रासमध्ये ‘द फिफ्थ इस्टेट’ हे तिथलं अधिकृत विद्यार्थी माध्यम आहे. तारामणीच्या एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझमचं ‘द वर्ड’ शिक्षणाचा भाग म्हणून निघतं. मथळा केवढा, बातमी किती शब्दांची, फोटोखाली काय लिहिलंय, हे वहीत टिपा. तुमचं पत्र मात्र दोन्हींहून वेगळं असेल, कारण त्याच्यामागे संस्था नसेल.

3. पैसा कुठून येणार ते ठरवा. या पायरीवर घाई नको, हवी तर पूर्ण संध्याकाळ द्या. कॉलेजकडून पैसे घेतलेत की आज ना उद्या कुणीतरी ‘जरा अंक दाखवा’ म्हणणारच, आणि तेव्हा नाही म्हणायला तोंड उरत नाही. म्हणून तीन झरे धरा: वर्गणी, माजी विद्यार्थ्यांच्या छोट्या देणग्या आणि गेटबाहेरच्या दुकानांच्या जाहिराती. झेरॉक्सवाला, टिफिनवाला, सायकल दुरुस्तीवाला यांना तुमचाच वाचक हवा असतो. अमेरिकेत बर्कलीचं ‘द डेली कॅलिफोर्नियन’ 1971 मध्ये विद्यापीठापासून वेगळं झालं आणि आजही निघतंय, तेव्हा हे जमण्यासारखं आहे. सांभाळा: एका जाहिरातदाराकडून अंकाच्या खर्चाच्या चौथाईपेक्षा जास्त घेऊ नका. आणि दोन अंकांचे पैसे जमल्याशिवाय पहिला छापू नका. एकच अंक काढून बंद पडलेल्या पत्राला दुसऱ्यांदा कुणी वर्गणी देत नाही.

4. एक नियम लिहून पाचही जणांनी त्याखाली सही करा: छपाईआधी पान संपादक मंडळाबाहेर कुणालाही दाखवायचं नाही. प्राध्यापक, संघटना, जाहिरातदार, कुणालाच नाही. एवढी मुभा ठेवा की, ज्याचं बोलणं अवतरणात छापताय त्याला त्याचं वाक्य वाचून दाखवता येईल. फक्त त्याचंच वाक्य, अख्खी बातमी नाही.

5. नाव निवडा. मुख्य नावाबरोबर दोन-तीन पर्यायी नावंही तयार ठेवा. सांभाळा: त्याच भाषेत देशात कुठेही, किंवा दुसऱ्या भाषेत तमिळनाडूत, तेच किंवा मिळतंजुळतं नाव आधीच नोंदलेलं असेल तर तुम्हाला ते मिळणार नाही. कॉलेजचं नाव किंवा बोधचिन्ह शीर्षकात घालू नका. स्वतंत्र म्हणायचं आणि त्यांची पाटी लावायची, हे बरं दिसत नाही.

6. नोंदणीचा अर्ज भरा. नियमित अंतराने छापलेलं आणि सार्वजनिक बातम्या देणारं प्रकाशन कायद्याने नियतकालिक ठरतं. 2023 चा प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा 1 मार्च 2024 पासून लागू आहे आणि अर्ज ‘प्रेस सेवा पोर्टल’वर ऑनलाइन होतो. प्रकाशक म्हणून ज्याचं नाव द्याल तो यंदाच डिग्री घेऊन शहर सोडणारा नसावा. पीएचडीच्या पहिल्या वर्षातलं कुणी असेल तर उत्तम. सांभाळा: प्रमाणपत्र हाती येईपर्यंत छापू नका. मधल्या दिवसांत पुढच्या पायऱ्यांचा सराव करा, एक नमुना अंक पडद्यावरच लावून बघा.

7. वाटपाची परवानगी लेखी मागा. विद्यार्थी कल्याण अधिष्ठात्यांना एक पानी पत्र द्या: कोणत्या जागी, कोणत्या दिवशी, किती वेळ. पत्रात मजकुराविषयी अवाक्षर नको. तुम्ही जागा मागताय, मजकुराला संमती नव्हे. नकार आला तर गेटबाहेरचा बसस्टॉप आहेच.

8. छापखाना पक्का करा. तिरुवल्लिकेणी आणि रायपेट्टाच्या गल्ल्यांत छोटे छापखाने आहेत. कागदाचा बाजार पॅरीजजवळ अँडरसन स्ट्रीटवर. तीन ठिकाणी भाव विचारा आणि सगळीकडे प्रश्न एकच ठेवा: ए-थ्री कागद, दोन्ही बाजू, एक रंग, मधे एक घडी, 300 प्रती. एवढ्या प्रतींना डिजिटल छपाई बहुधा परवडते. ऑफसेटमध्ये प्लेटचा खर्च आधी येतो, तो हजाराच्या घरात गेल्यावर वसूल होतो. मुद्रकालाही पोर्टलवर माहिती द्यावी लागते, ते आधीच बोलून घ्या. सांभाळा: आयुध पूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, इथे यंत्रांची पूजा होते आणि ती चालवत नाहीत. पोंगलला तर जानेवारीच्या मध्यावर सलग तीन-चार दिवस जातात. त्या आठवड्यांत अंकाची तारीख धरू नका.

9. डमी बनवा. ए-थ्री कागद मधोमध दुमडा आणि पेन्सिलीने पानांवर 1 ते 4 आकडे घाला. आता उलगडून बघा: बाहेरच्या बाजूला 4 आणि 1 शेजारी, आत 2 आणि 3. छापखान्याला पानं याच जोड्यांनी द्यायची असतात. डमी फेकू नका, शेवटपर्यंत टेबलावर राहू द्या.

10. बातम्यांची यादी करा. बारा विषय लिहा, सहा ठेवा. प्रत्येकापुढे दोन गोष्टी हव्यात: कुणाला विचारायचं आणि कोणता कागद बघायचा. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही ती अजून बातमी झालेली नाही, ती खोडा.

11. कागद मिळवा. बरेचसे उघडेच पडलेले असतात: संस्थेचा वार्षिक अहवाल, मेसच्या निविदा, एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीसाठी दिलेली माहिती. शेवटच्या कागदात किती जणांना नोकरी लागली आणि मध्यक पगार किती, हेही असतं. प्लेसमेंटच्या बातमीसाठी तो आधी उघडा. जे सापडत नाही त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. आयआयटी मद्रास केंद्राची संस्था, तिथे केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर 10 रुपयांत अर्ज होतो. अण्णा विद्यापीठ राज्याचं, तिथला अर्ज राज्याच्या नियमांनी. उत्तराची मुदत 30 दिवस, म्हणून अर्ज आज आणि बातमी पुढच्या अंकात. सांभाळा: ‘असं का केलं?’ असं विचारू नका. ‘अमुक ठरावाची प्रत द्या’ असं मागा.

12. माणसांना समक्ष भेटा. व्हॉट्सॲपवरच्या निरोपावर बातमी उभी राहत नाही. नाव विचारा, स्पेलिंग त्यांच्याकडूनच वहीत लिहून घ्या. तमिळ नावांतल्या आद्याक्षराकडे नीट बघा, ते बहुधा वडिलांच्या नावाचं असतं. आडनाव समजून त्याचा विस्तार करू नका. कंत्राटी कामगाराशी बोलताना नाव छापायचं का ते आधी विचारा. त्याची नोकरी जाऊ शकते, तुमची नाही.

13. ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारा. ईमेल पाठवा, त्यात नेमके प्रश्न आणि उत्तरासाठी 48 तास. उत्तर आलं तर त्याचा गाभा न बदलता छापा. नाही आलं तर कोणत्या तारखेला विचारलं होतं ते छापा. या पायरीशिवाय बातमी पानात घ्यायची नाही, मग ती अंकातली सगळ्यात मोठी का असेना.

14. बातमी लिहा. पहिल्या वाक्यात काय झालं ते आलं पाहिजे. समजा, मेसचे दर वाढलेत. ‘मेसच्या प्रश्नावरून विद्यार्थ्यांमध्ये तीव्र नाराजीचं वातावरण आहे’ असं लिहिलंत तर वाचकाला काय मिळालं? काहीच नाही. असं लिहा: ‘येत्या 1 तारखेपासून मेसचा दिवसाचा दर 15 रुपयांनी वाढणार असून, ज्या बैठकीत हे ठरलं तिला विद्यार्थी प्रतिनिधीला बोलावलं नव्हतं.’ किती, कधी, कसं, सगळं आलं, आणि नाराज तर वाचक स्वतःच होईल. सांभाळा: 350 शब्दांपुढे जाऊ नका. आणि तुमचं मत असेल तर त्याला चौथ्या पानावर नावानिशी वेगळी जागा द्या.

15. धोक्याच्या ओळी तपासा. प्रत्येक आरोपाखाली पेन्सिलीने रेघ ओढा आणि समासात पुरावा लिहा. समास रिकामा राहिला तर ओळ काढा; बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली गुन्हा आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीत तर फार जपा: तक्रारदार, ज्याच्यावर तक्रार आहे तो आणि साक्षीदार, कुणाचीही ओळख उघड करायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. नाव गाळून विभाग, वर्ष आणि होस्टेल छापलंत तरी ओळख पटतेच.

16. तमिळ मजकूर तमिळमध्येच लिहून घ्या. इंग्रजी बातमी मशीनमधून काढून लावली की मेसमधला वाचक दुसऱ्या ओळीला कागद खाली ठेवतो. टायपिंग युनिकोडमध्ये करा.

17. पानं लावा. स्क्रायबस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि पुरेसं आहे. मोठी बातमी पहिल्या पानावर वर, हलकी खाली, जाहिराती आत आणि मागे. फोटो कृष्णधवल करून जरा उजळ ठेवा. गडद फोटो छापून आला की कोळसा दिसतो. सांभाळा: चारी बाजूंना निदान 5 मिलिमीटर कोरी जागा सोडा, यंत्राच्या पकडीत अक्षरं कापली जातात.

18. प्रेसलाइन घाला. शेवटच्या पानाच्या तळाशी मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छपाईचं व प्रकाशनाचं ठिकाण. पानं सुंदर लावायच्या नादात हीच ओळ राहून जाते.

19. प्रूफ कागदावर काढून वाचा. पडद्यावर नाही. एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने पेन धरावं. मग फक्त मथळे वाचा. मग फक्त नावं. मग फक्त आकडे.

20. पीडीएफ करा, फॉन्ट आत बसवून. छापखान्यातल्या संगणकावर तुमचा तमिळ फॉन्ट नसेल तर मात्रा सुटून चौकोन उमटतात.

21. छापखान्यात स्वतः जा आणि पहिली प्रत बघा. डमी शेजारी धरून पान 2 पान 1 च्या पाठीमागे आलंय ना, दोन्ही बाजू एकाच दिशेने वर आहेत ना, ते तपासा. मगच उरलेल्या छापायला सांगा.

22. गठ्ठे मेणकापडात किंवा प्लॅस्टिकमध्ये बांधून आणा. ऑक्टोबर ते डिसेंबर इथला खरा पावसाळा, आणि वेलाचेरीला पाणी साचायला वेळ लागत नाही.

23. अंक हातात द्या. ढीग ठेवून निघून जाऊ नका. सकाळी नाश्त्याच्या वेळी मेसच्या दारात उभे राहा. पहिली प्रत, ज्याच्याविषयी बातमी आहे त्याला.

24. चूक निघाली तर पुढच्या अंकात पहिल्याच पानावर दुरुस्ती छापा: काय छापलं होतं, बरोबर काय. दोन ओळी पुरेत, सबब नको.

25. हिशेब छापा. किती जमले, कुणाकडून, किती खर्च झाले. चौथ्या पानावर छोटी चौकट. पैसा कुणाचा हे वाचकाला दिसलं की तुम्ही स्वतंत्र आहात हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

26. वाटपाच्या दुसऱ्याच दिवशी पुढच्या अंकाची बैठक घ्या. त्या बैठकीला पहिल्या वर्षाचे दोन विद्यार्थी बोलवा आणि पासवर्ड, हिशेबाची वही, नोंदणीचे कागद कुठे असतात ते त्यांना त्याच दिवशी दाखवा. तुमची डिग्री दोन-चार वर्षांत संपेल. अंक त्यांनीच काढायचा आहे.