आरंभींच्या घरगुती संगणकांवरील अक्षरें

चौकटीच्या कागदावर आठ घरें रुंद व आठ घरें उंच असा चौकोन आखा, आणि कांहीं घरें काळीं करून त्यांत इंग्रजी 'ए' हें अक्षर काढा. तें सहज साधेल. आतां तसेच दोन चौकोन शेजारीं शेजारीं आखून त्यांत 'तुर्की' हा शब्द काढून पाहा. खालीं उकार, मध्यें शिरोरेखा, तिच्यावर वेलांटी व रफार. शिवाय दोन ओळी एकमेकींस चिकटूं नयेत म्हणून एक घर मोकळें हवें. हात लवकरच अडतो. १९८० च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेंतील घरांत जे स्वस्त संगणक शिरले, त्यांपैकीं बहुतेकांत एका अक्षरास एवढीच जागा मिळे. मुलें त्यांवर खेळत, तशींच शिकतही. म्हणून कोणत्या यंत्रावर वाचणें सोपें, हा प्रश्न आईबापांसही महत्त्वाचा होता.

प्रथम एका ओळींत किती अक्षरें मावत तें पाहूं. १९८१ सालीं अमेरिकेंत आलेल्या कमोडोर कंपनीच्या 'व्हिक-२०' वर २२. १९८२ च्या सिंक्लेअर 'स्पेक्ट्रम'वर ३२. त्याच सालच्या 'कमोडोर ६४' वर ४०. व्हिक-२० चीं अक्षरें रुंद व ठळक, दुरूनही ओळखूं येत. पण चार शब्द झाले कीं ओळ संपे व वाक्याचा धागा तुटे. तेव्हां अक्षरें जितकीं अधिक तितकें वाचन सुखाचें, असें अनुमान कोणीही करील. तें चुकीचें आहे.

ह्या यंत्रांना बहुधा स्वतःचा पडदा नसे. घरांतील दूरदर्शन-संचाच्या एरियलच्या छिद्रांत त्यांची तार खोंवीत. संगणक आपलें चित्र प्रक्षेपणाच्या लहरींत घाली, संच तें पुन्हा उलगडी, आणि ह्या उलाढालींत बारीक तपशील पुसट होई. त्यांतून रंगीत प्रक्षेपणांत उजेड-अंधाराचा भेद जितक्या बारकाईनें वाहून नेला जातो, तितक्या बारकाईनें रंगांचा भेद नेला जात नाहीं. म्हणून उजेडांत फारसा फरक नसलेले दोन रंग शेजारीं आले कीं अक्षराची कड विरघळे. कमोडोर ६४ सुरू करतांच निळ्या पडद्यावर फिकट निळीं अक्षरें उमटत. दिसावयास मोठीं शांत. पण पानभर वाचावयाचें असल्यास मी स्पेक्ट्रमचीं पांढुरक्यावरील काळीं अक्षरेंच पत्करीन, मग तीं ओळींत आठ कमी असलीं तरी चालतील.

सर्वांत बोधप्रद उदाहरण १९८१ च्या 'बीबीसी मायक्रो'चें. ॲकॉर्न कंपनीनें तो बीबीसीच्या संगणक-शिक्षणाच्या योजनेसाठीं बनविला. १९८४ सालीं आरंभिलेल्या भारत सरकारच्या 'क्लास' योजनेंतून तो आपल्या देशांतील निवडक शाळांतही आला. त्यांत पडदा भरण्याच्या आठ पद्धति होत्या, शून्यापासून सातपर्यंत. शून्य पद्धतींत ओळींत ८० अक्षरें. पडदा ६४० ठिपके रुंद व २५६ ठिपके उंच. प्रत्येक ठिपक्यास एक बिट, आठ बिटांचा एक बाइट. हिशेब करून पाहा : २०,४८० बाइट. 'मॉडेल बी' ह्या यंत्राची सारी स्मृति ३२,७६८ बाइट, म्हणजे तिचा बरोबर पांच-अष्टमांश भाग एकट्या पडद्यानें गिळला. आणि इतकें करूनही साध्या दूरदर्शन-संचावर तीं ८० अक्षरें एकमेकांत मिसळत!

सातव्या पद्धतींत ४० अक्षरांच्या २५ ओळी, आणि त्यांस केवळ १,००० बाइट पुरत. कारण यंत्र तेथें ठिपके सांठवीतच नसे. फक्त अक्षराचा क्रमांक सांठवी. अक्षराचा आकार टेलिटेक्स्टसाठीं बनविलेल्या एका निराळ्या चिपमध्यें कायमचा कोरलेला होता. ती चिप आणखी एक कौशल्य करी. तिरप्या रेघेवर जेथें जिन्यासारख्या पायऱ्या दिसावयाच्या, तेथें अर्धे ठिपके भरून ती रेघ गुळगुळीत करी. टेलिटेक्स्ट हें दिवाणखान्यांतील संचावर दुरून वाचण्यासाठींच घडविलेलें; संचाच्या मर्यादा त्यानें आधींच मान्य केल्या होत्या.

१९८४ च्या ॲमस्ट्रॅड 'सीपीसी ४६४' नें उलट बाजूनें मार्ग काढला : संगणकाबरोबर पडदाही दिला, हिरवा किंवा रंगीत. रंगीत पडदा खेळांस शोभे. पण ओळींत ८० अक्षरें वाचावयाचीं तर स्वस्तांतला हिरवाच सरस ठरे.

आपल्या लिपीस मात्र बीबीसी मायक्रोच्या त्या सुबक सातव्या पद्धतींत प्रवेशच नव्हता. कोरलेल्या आकारांत देवनागरी नव्हती व ती घालतांही येत नसे. इतर पद्धतींत नवीं अक्षरें घडवितां येत, पण चौकोन तोच, आठ घरांचा. पुढें कानपूरच्या आय.आय.टी.त जन्मलेलें 'जिस्ट' तंत्र पुण्याच्या सी-डॅकनें वाढविलें, तेव्हां संगणकांत एक कार्ड बसवून पडद्यावर भारतीय लिपि वाचतां येऊं लागल्या.

आतां तो कागद पुन्हा घ्या. ह्या खेपेस चौकोन आठ घरें रुंद पण सोळा घरें उंच आखा, आणि 'तुर्की' काढून पाहा. उकारास किती घरें लागलीं व रफारास किती, तें मोजा.