जुना भाजल्याचा व्रण पुन्हा उघडला तर



चुलीपाशी पदर पेटणे, गुऱ्हाळात काहिलीतला रस अंगावर सांडणे आपल्याकडे नवे नाही. जखम भरते, कातडी आवळते, माणूस कामाला लागतो. परंतु पुष्कळ वर्षांनी, कधी तीस वर्षांनीही, त्याच व्रणावर जखम उघडते आणि महिना उलटला तरी भरत नाही. तिथे कातडीचा कर्करोग असू शकतो. फ्रेंच शल्यवैद्य मार्जोलिन यांनी १८२८ साली व्रणांवरील अशा चट्ट्यांचे वर्णन केले, म्हणून त्याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. हा रोग विरळा, पण कातडीच्या नेहमीच्या कर्करोगाहून आक्रमक. तो बगलेतल्या किंवा जांघेतल्या गाठींत उतरतो. काश्मिरात निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरणाऱ्यांना होणारा कर्करोग याच्याच नात्यातला.

खरा घोटाळा पुवामुळे होतो. गाठ वाढते तसा तिच्या मधल्या भागाला रक्त पुरत नाही, तो मरतो आणि मेलेल्या मांसावर जंतू पोसतात. दुर्गंधी सुटते, कधी अळ्या पडतात. मग गोळ्या घेतल्या की पू कमी होतो, घरचे म्हणतात बरे वाटतेय, आणि खाली कर्करोग वाढतच राहतो. असे महिने वाया जातात.

बैलाच्या जखमेत ओततो ते फिनेल माणसाच्या जखमेत ओतू नये. शेण, राख, तंबाखूही नको. उकळून गार केलेल्या पाण्याने धुवावी, स्वच्छ फडके बांधावे, धनुर्वाताच्या लशीबद्दल विचारावे. जखमेच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवा असे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. एका तुकड्यात काही निघाले नाही आणि जखम वाढतच असेल, तर दुसऱ्या जागेचा तुकडा द्यावा. रोग ठरल्यास भोवतालच्या निरोगी कातडीसकट तो भाग कापून काढतात. उशीर झाला तर कधी पायही काढावा लागतो.

हुडहुडी भरून ताप आला, श्वास जोरात चालू लागला, लघवी कमी झाली किंवा रोगी असंबद्ध बोलू लागला, तर जंतुदोष रक्तात भिनला असे समजावे. वृद्धांना ताप येतोच असे नाही. अंग गारही पडते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये, मिळेल त्या गाडीने मोठे इस्पितळ गाठावे. मूळ भाजणे किती वर्षांपूर्वीचे, हे तिथे पोचताच सांगावे. जखम पाहून ते कुणालाही कळत नाही.