नावं संपली, आजी राहिली

‘नंतर बघू.’ या दोन शब्दांनी माझी पंधरा वर्षांची मैत्री मोडत आणली. नवी मुलं मोबाइलवर फिल्म करताना दिसली की हे सांगावंसं वाटतं.

आम्ही संभाजीनगरचे तिघे मित्र. फुलंब्री तालुक्यातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्यांवर बावीस मिनिटांची फिल्म केली. लेखन-दिग्दर्शन माझं, कॅमेरा दुसऱ्याचा, पैसे आणि सगळी जुळवाजुळव तिसऱ्याची. पैठण गेटला चहा पिताना हक्कांचा विषय निघाला, की कोणीतरी म्हणायचं, ‘नंतर बघू.’

वर्षभराने त्या तिसऱ्या मित्राने फिल्म एका ऑनलाइन वाहिनीला दिली. मला विचारलं नाही. पडद्यावर माझं नाव ‘सहाय्य’ या शब्दाखाली आलं. मी तडक वकीलबाईंकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न : ‘कागद काय आहे?’ माझ्याकडे फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गप्पा होत्या.

मग त्यांनी समजावलं. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. फिल्म बनवण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतो तो. मुख्य दिग्दर्शकालाही सहकर्ता मानावं, असा प्रस्ताव 2010च्या दुरुस्ती विधेयकात होता. 2012मध्ये कायदा झाला तेव्हा तो गळला. म्हणजे दिग्दर्शक म्हणून फिल्मवर माझा हक्क नव्हता. पटकथा मात्र स्वतंत्र लेखन, आणि ती माझी होती. लेखनाचा हक्क सहीच्या कागदाशिवाय दुसऱ्याच्या नावावर होत नाही. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क विकला तरी लेखक म्हणून नाव मागण्याचा अधिकार, कलम 57 प्रमाणे, लेखकाकडेच राहतो.

त्या आधारावर आम्ही बसलो, बोललो, कागद केला. नाव दुरुस्त झालं.

पण खरी चूक मला गावात कळली. आजींच्या ओसरीवर फिल्म दाखवली. शेवटी नातू एकेक नाव मोठ्याने वाचत गेला. नावं संपली. आजी म्हणाल्या, ‘आन् माझं?’ आम्ही ‘ओव्या : पारंपरिक’ एवढंच लिहिलं होतं. ओवी कोणा एकाच्या मालकीची नाही, हे खरं. पण ती गाणारा गळा आजींचा होता. गाणाऱ्यालाही कायद्याने कलाकाराचे हक्क आहेत. फिल्ममध्ये ओझरतं गाणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत नसेल, तर त्यातले बहुतेक हक्क त्याला मिळत नाहीत. नाव गाळणं म्हणजे नुसता विसरभोळेपणा नव्हे.

म्हणून सांगतो. पहिल्या शॉटआधी एक पान लिहा : निर्माता कोण, पटकथा कोणाची, संगीत कोणाचं, कोणता हक्क किती वर्षांसाठी आणि कुठे वापरायचा, पैसे आले तर वाटणी कशी, पडद्यावर कोणाचं नाव कसं. दोघांनी असं लिहिलं असेल की कोणाचं कोणतं हे वेगळं काढता येत नाही, तर ते संयुक्त लेखन. तसं स्पष्ट नोंदवा. गाणाऱ्याला, बोलणाऱ्याला त्यांच्या भाषेत वाचून दाखवा, मगच सही किंवा अंगठा घ्या. कागद मागितल्याने मैत्री तुटत नाही. आमची तुटायला आली होती ती कागद नसल्यामुळे.

आता फिल्मच्या शेवटी पहिलं नाव आजींचं येतं. नातवाने ते त्यांना दोनदा वाचून दाखवलं.