शस्त्रक्रियेनंतरचे दिवस आणि शरीराचा पहारा

“गाठीला चाकू लागला की रोग पसरतो,” ही समजूत भिलाईसारख्या पोलादनगरीत जशी कानी पडते, तशीच विदर्भातील खेड्यांतही. तिच्यापायी आतड्याच्या कर्करोगाचा रुग्ण शस्त्रक्रिया टाळतो आणि बरा होऊ शकणारा रोग हाताबाहेर जातो. समजूत चुकीची खरी. परंतु तिच्या आसपास एक शास्त्रीय प्रश्न आहे.

गाठीतील काही पेशी सुटून रक्तात शिरतात. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅशवर्थ याने १८६९ साली एका मृत रुग्णाच्या रक्तात अशा पेशी पाहिल्या. हे सुटणे शस्त्रक्रियेपूर्वीही चालू असते. गाठ हाताळताना त्यात भर पडू शकते. आतड्यांतील बहुतेक रक्त प्रथम यकृतात जाते, म्हणून या रोगाचे बीज पुष्कळदा तेथेच रुजते.

भटक्या पेशींपैकी बहुतेक नाश पावतात. त्यांना मारणाऱ्यांत ‘नैसर्गिक मारक पेशी’ या पांढऱ्या पेशी प्रमुख होत; त्यांची ओळख १९७५ च्या सुमारास पटली. मात्र भीती, वेदना व जखम यांमुळे अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, आणि मारक पेशींचे काम काही दिवस मंदावते. कारखान्यात झोतभट्टीची दुरुस्ती निघावी आणि फाटकावरचा पहारा नेमका तेव्हाच ढिला पडावा, तसे हे होते. उपमा अपुरी आहे; येथे पहारेकरी जागेवरच असतात, त्यांचे हात तेवढे जड होतात.

मग गाठ काढूच नये काय? मुळीच तसे नाही. राहिलेली गाठ रोज नव्या पेशी सोडीत राहील. प्रश्न एवढाच की, ते थोडे दिवस कसे निभवावेत. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत जखम लहान असल्याने शरीरावरील ताणही कमी होतो. इस्राएलमध्ये आतड्याच्या कर्करोगाच्या ३४ रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर काही दिवस संप्रेरकांचा परिणाम रोखणारे एक व दाह शमविणारे एक अशी दोन औषधे दिली असता, गाठीतील प्रसारक्षमतेच्या खुणा घटलेल्या आढळल्या. एवढ्या थोड्या रुग्णांवरून नियम बांधता येत नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेली चाचणी याहून मोठी आहे. शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन हे बधिरतेचे साधे औषध टोचलेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांनी ९०.१ टक्के हयात होत्या, न टोचलेल्यांपैकी ८६.४ टक्के. हे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. परंतु त्या १,५८३ स्त्रिया स्तनाच्या कर्करोगाच्या होत्या. तोच लाभ आतड्याच्या रुग्णांस होईल, असे त्यावरून म्हणता येत नाही.